संदेष्ट्यांची वाणी : न्यायाचा दिवस आणि उरलेल्यांची आशा

बायबलच्या जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ईश्वरी न्याय आणि श्रद्धावंतांची आशा ही दोन सूत्रे एकमेकांत गुंफलेली आहेत. यशया, यिर्मया, यहेज्केल आणि दानीएल हे चार मोठे संदेष्टे, तर होशेयापासून मलाखीपर्यंतचे बारा लहान संदेष्टे मानले जातात. येथे 'लहान' हा शब्द ग्रंथाच्या विस्तारापुरता आहे, योग्यतेपुरता नाही. मराठीतील 'संदेष्टा' हा शब्द अर्थाच्या दृष्टीने नेमका आहे. संदेष्टा म्हणजे ईश्वराचा निरोप लोकांपर्यंत पोचवणारा. ग्रहताऱ्यांवरून भविष्य वर्तवणारा ज्योतिषी असा त्याचा अर्थ होत नाही.

न्याय कोणाचा?

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा आमोस हा मेंढपाळ उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात गेला. उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणे हाही त्याचा व्यवसाय होता. दुसऱ्या यराबाम राजाच्या काळी राज्यात सुबत्ता होती आणि देवस्थानांत उत्सवांची रेलचेल होती. परमेश्वराचा दिवस येईल आणि आपल्या शत्रूंचे पारिपत्य होईल, अशी लोकांची समजूत होती. आमोसाने ती उलटवली. तो दिवस प्रकाशाचा नसून अंधाराचा असेल आणि न्यायाला सुरुवात स्वतःच्याच लोकांपासून होईल, असे त्याने बजावले. खोटी मापे, धान्यात मिसळलेला कचरा, जोडाभर वहाणांसाठी विकला जाणारा गरीब माणूस हे त्याच्या आरोपपत्रातील मुद्दे होते. बेथेलच्या याजकाने त्याला तेथून निघून जाण्यास फर्मावले. पुढे काही दशकांतच, इ.स.पू. ७२२च्या सुमारास, आश्शूरी सैन्याने राजधानी शोमरोन जिंकली.

मीखा आणि यशया यांनी हीच भूमिका दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यात मांडली. दुबळ्यांची शेते बळकावून शेताला शेत जोडणाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले. इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेमही बाबेलच्या हाती पडले, मंदिर जाळले गेले आणि अनेकांना बंदिवान करून नेण्यात आले.

बुंधा आणि धुमारे

न्यायाच्या या गर्जनेतच आशेचा स्वर आहे, आणि तो झाडांच्या भाषेत व्यक्त झाला आहे. तोडलेल्या झाडाचा बुंधा उरतो आणि त्यात पवित्र बीज असते, अशी प्रतिमा यशयाच्या ग्रंथात येते. इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या पित्याच्या, खुंटाला नवा अंकुर फुटण्याचे चित्रही त्याच ग्रंथात आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकाला या प्रतिमेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आलापल्लीच्या जंगलात तोडलेल्या सागाच्या खोडाला पुन्हा धुमारे फुटतात, हे तेथील प्रत्येकाने पाहिलेले असते. झाड गेले तरी मूळ जिवंत असते.

या 'उरलेल्यां'ची कल्पना संदेष्ट्यांच्या विचारात मध्यवर्ती आहे. यशयाच्या एका मुलाचे नावच शआर-याशूब, म्हणजे 'शेष परत येईल', असे होते. या नावात दिलासा आहे आणि इशाराही आहे. परत येतील हे खरे, पण शेष तेवढेच येतील.

आशेचे सर्वांत मूर्त उदाहरण यिर्मयाचे आहे. यरुशलेमला वेढा पडलेला असताना आणि तो स्वतः कैदेत असताना, त्याने अनाथोथ गावचे शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतले. साक्षीदारांसमक्ष खरेदीखत झाले आणि ते दीर्घकाळ टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यात आले. बुडत्या देशात जमीन घेणे हा व्यवहार नव्हता. या भूमीत पुन्हा घरे आणि शेते घेतली जातील, याची ती ग्वाही होती. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गडचिरोलीत जमिनीच्या कागदाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि बंदिवानांना परतीची वाट मोकळी झाली.

दुष्काळ आणि अनुवाद

हे ग्रंथ मराठीत आणणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) स्थान वेगळे आहे. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन यांतूनच वाढले. तेव्हाचा चांदा जिल्हाही मध्य प्रांतातच होता आणि आजची गडचिरोली त्याचाच भाग होती. उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत बायबलचा अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. टोळधाड, अवर्षण आणि उपासमार यांची वर्णने करणारे योएल किंवा विलापगीत यांसारखे ग्रंथ दुष्काळाने पोरके केलेल्या स्त्रीने मराठीत आणले, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

मग दुष्काळात मेलेले लोक पापी होते काय? हा प्रश्न बायबलनेही टाळलेला नाही. ईयोबाच्या ग्रंथात दुःख म्हणजे शिक्षाच, असे सांगणाऱ्या मित्रांना ईश्वरच दोष देतो. नव्या करारात जन्मांध माणसाच्या पापाची चौकशी करणाऱ्या शिष्यांचा तर्क येशू नाकारतो. संदेष्ट्यांचा रोखही भुकेल्यांवर नसून त्यांची भूक विकणाऱ्यांवर होता.

चांद्याची परंपरा

चांदा येथे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. तेथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. दक्षिण टोकाला, तेलुगू बोलल्या जाणाऱ्या सिरोंचात, अमेरिकन मेथडिस्ट मिशन होते. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक परंपरेचे कार्यक्षेत्र येथे सुरू झाले. १९७७ मध्ये त्याला चांदा धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. बल्लारपूर हे त्याचे केंद्र असून चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे त्यात येतात. मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू भाषा शेजारी नांदणाऱ्या या प्रदेशात न्याय, शेष, आशा या शब्दांना प्रत्येक भाषेत प्रतिशब्द शोधावा लागतो.

तारीख नव्हे, इशारा

दानीएल आणि नव्या करारातील प्रकटीकरण या ग्रंथांतील श्वापदे, शिंगे आणि आकडे यांवरून जगबुडीची तारीख काढण्याचे प्रयत्न वारंवार झाले. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला होता. तो इतर दिवसांसारखाच मावळला. तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे शुभवर्तमानातच सांगितले आहे. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते हे दोन्ही ग्रंथ छळ सोसणाऱ्या समाजांना धीर देण्यासाठी सिद्ध झाले. जुलमी सत्ता कायम टिकत नाही, हे त्यांचे मुख्य सांगणे आहे.

या संदर्भात योनाची कथा बोलकी आहे. चाळीस दिवसांत निनवे नगराचा नाश होईल, असे त्याने जाहीर केले. लोकांनी पश्चात्ताप केला आणि नगर वाचले. भाकीत खोटे ठरले म्हणून योना रुसला, पण इशारा सफल झाला होता. न्यायाची वाणी खरी व्हावी म्हणून नव्हे, तर ती टळावी म्हणून उच्चारली जाते, हे संदेष्ट्यांच्या परंपरेचे मर्म आहे.