रोखा, कबुलायत आणि साडेबारा टक्के

सध्या उरण-पनवेल-पेणच्या गावांत एकच विषय आहे. १२४ गावं, ३२३ चौरस किलोमीटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये एमएमआरडीएला इथलं नवनगर विकास प्राधिकरण नेमलं आणि लोक त्याला तिसरी मुंबई म्हणू लागले. जमीन द्यायची की नाही यावर सभा होतायत, हरकती दिल्या जातायत. ते व्हायलाच पाहिजे. पण जमिनीच्या बदल्यात हातात कोणता कागद येणार आणि तो वाचणार कोण, यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून थोडा मागचा इतिहास. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजारपेठेचं गाव. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लूट झाली, आगही लागली, पण त्यांना मुख्यतः हवे होते रोखे आणि वह्या. दंगल गावोगाव पसरली, तेव्हाही जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे फारसा त्रास झाला नाही. कर्ज किती, व्याज किती, फेडलं किती हे सगळं समोरच्याच्या वहीत. आपल्याकडे फक्त अंगठ्याची शाई. इंग्रजांनी चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात गंमत बघा: शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकापुढेच व्हायला हवा, पैसे फेडले की लेखी पावती, वर्षाचा हिशेब मागायचा हक्क आणि मागितलं तर पासबुक! आज बँकेत पासबुक छापायला रांग लावतो आपण, तो हक्क आपल्या शेतकऱ्याला कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी मिळाला होता. पण ज्याला वाचता येत नाही त्याला पासबुकाचा उपयोग तेवढाच, जेवढं शेजारचा वाचून सांगेल.

आपल्या बाजूला सावकारासोबत खोतही होता. रोख्याच्या जागी कबुलायत. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप आपल्याला माहीत आहे, निदान माहीत असायला हवा. १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी कसल्याच नाहीत. उपाशी राहिले, जंगलातल्या लाकूडफाट्यावर जगले. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी 'कृषीवल' सुरू केलं. मला यातलं हे वर्तमानपत्र फार महत्त्वाचं वाटतं. लढणाऱ्या माणसाला वाचायला काहीतरी पाहिजे, ही जाण त्या माणसाला होती.

आता सिडको. १७ मार्च १९७०. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावं. भातशेती, मिठागरं, खाडी. मोबदला आला तो असा, की आयुष्यात एकदाच एवढी रक्कम एका घरात. त्याचं काय करायचं हे सांगायला कुणी आलं नाही. घरं बांधली, लग्नं थाटात झाली, भावाभावांत वाटण्या झाल्या. 'आगऱ्यांनी पैसा उडवला' हे वाक्य वाशीच्या सोसायट्यांत अजून ऐकू येतं. मला त्याचा राग येतो. ज्याचं उत्पन्न दर हंगामाला भाताच्या रूपात यायचं, त्याच्या हातात तुम्ही आयुष्यभराची शेती एका चेकमध्ये दिलीत. मुद्दल आणि व्याज यातला फरक त्याला शिकवायचं काम कोणाचं होतं?

मग जानेवारी १९८४. १६ आणि १७ तारखेला जासई-दास्तान परिसरात गोळीबार, पाच हुतात्मे. दि. बा. पाटील वकील होते, त्यांना कागद वाचता येत होता. विकसित जमिनीत वाटा हे तत्त्व त्या रक्तातून आलं. पुढे १९९० च्या दशकात साडेबारा टक्के योजना प्रत्यक्षात आली.

पण साडेबारा टक्के म्हणजे किती, हे किती घरांत कागदावर मांडून बघितलं? एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा, म्हणजे हातात साधारण ३५४ चौरस मीटर, मूळच्या पावणेनऊ टक्के. आणि हे वाटायचं चार भाऊ आणि बहिणींत. भूखंड हातात यायच्या आधीच कुलमुखत्यारपत्र देऊन हक्क विकला गेल्याच्या गोष्टी कुठल्याही गावात विचारा. बहिणींची हक्कसोडपत्रं तर विचारूच नका. सह्या बहुतेक चहाबरोबर झाल्या.

याच नवी मुंबईत, वाशीच्या सेक्टर १७ मधल्या एनआयएसएम भवनात, देशाचं राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र सुरू झालं. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि पेन्शनचे नियामक, चौघांनी मिळून उभं केलेलं. चांगलं काम आहे, शाळांत शिबिरं घेतात. पण वाशीगाव तिथून चालत जाण्याइतकं जवळ, आणि भूखंडांचे सौदे त्याच्या कितीतरी आधी उरकले होते.

पुढचा धडा पनवेलच्या कर्नाळा बँकेचा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. ठेवीवर विमा फक्त पाच लाखांपर्यंत असतो, तोही फेब्रुवारी २०२० पर्यंत एकच लाख होता, हे कितीतरी ठेवीदारांना बँक अडकल्यावर कळलं. ओळखीचा माणूस, आपल्या भागातली बँक, एवढ्यावर मोबदल्याचे पैसे ठेवायची आपली रीत.

कुणी म्हणेल, अडाणी माणसाला हे कसं शिकवणार? साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी महिलांची बँक काढायचं ठरवलं. अर्जावर अंगठे म्हणून परवाना नाकारला गेला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, तुम्ही पण व्याज काढा, आम्ही पण तोंडी काढतो. १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली.

भाषेचंही तेच. कॅलिफोर्नियात १९७६ पासून कायदा आहे: बोलणी स्पॅनिशमध्ये झाली असतील तर अनेक प्रकारच्या करारांचा स्पॅनिश मजकूर सहीआधी द्यावा लागतो. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्जाचं मुख्य माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. मागतो कोण?

१२४ गावांतल्या मित्रांनो, पुढच्या ग्रामसभेत एवढं ठरावात घाला: मोबदला, भूखंड आणि संमतीचा प्रत्येक मसुदा मराठीत, सहीच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. आणि सभेत तो मोठ्याने वाचायला गावातलीच एखादी कॉमर्सवाली पोरगी उभी करा. वजाबाकीसकट.