नाव मिळविण्याचा नियम

इतिहासावर बोलावयाचे कबूल करून मी एका खेळापासून सुरुवात करीत आहे, याचा राग मानू नये. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी २००६ साली ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ म्हणजे ‘खुज्यांचा किल्ला’ हा संगणकावरील खेळ लोकांपुढे ठेवला. यंत्र आधी एक जग रचते, त्याचा जुना इतिहास रचते आणि मग सात खुजे डोंगर पोखरावयास निघतात.

यातील प्रत्येक खुज्याला पहिल्या दिवसापासून नाव असते. मग तो खाणकामगार असो की कोळी. (आमच्या गिरण्यांत बिल्ल्याच्या नंबराने हाक मारीत, हे येथे आठवते.) रानातील जनावर मात्र बेनाव. हत्ती तो नुसता हत्ती. पण त्याने एखाद्या खुज्याला तुडवून मारले की त्याला नाव मिळते आणि त्या जगाच्या बखरीत त्याची नोंद होते. पुष्कळ बळी घेतलेल्या कुऱ्हाडीलाही असेच नाव पडते. मेलेल्या खुज्याचीही तेथे उपेक्षा होत नाही. त्याला मूठमाती द्यावी लागते, नाहीतर शिळेवर त्याचे नाव कोरावे लागते; तोवर त्याचे भूत किल्ल्यात फिरत राहते.

मारणाऱ्याला नाव, हा नियम खऱ्या इतिहासातही आहे. शिळेचा नियम मात्र मला तेथे क्वचितच आढळला.

१८९८ साली पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेचा त्सावो नदीवरील पूल बांधला जात होता. मजूर बहुतेक आपल्याकडचे, पंजाबातून करारावर नेलेले. मार्चपासून दोन सिंह रात्री तंबूंत शिरून माणसे ओढून नेऊ लागले. १ डिसेंबरला शेकडो मजूर रुळांवर आडवे पडले, गाडी थांबविली आणि तिच्यात चढून निघून गेले. कराराने आलो ते काम करावयास, हे त्यांचे म्हणणे. काम तीन आठवडे बंद होते. याला आमच्या भाषेत संप म्हणतात. शिकारकथांत त्याला पळापळ म्हटले आहे! त्याच महिन्यात पॅटरसन या इंजिनिअरने दोन्ही सिंह मारले.

त्या सिंहांना पुढे नावे मिळाली. १९९६ च्या चित्रपटाने ‘भूत’ आणि ‘अंधार’ ही नावे जगभर केली. मेलेल्यांपैकी उंगनसिंग हे नाव पॅटरसनच्या पुस्तकात आहे. पण तो जमादार होता. बाकीचे ‘२८ हिंदी कुली’. आफ्रिकन किती मेले याची कोणी नोंदच ठेवली नाही. पॅटरसनने नंतर एकंदर आकडा १३५ सांगितला.

१९२४ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमने ती कातडी ५,००० डॉलरना विकत घेतली. तेथे ते सिंह पेंढा भरून उभे आहेत. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्यांचे केस आणि हाडे तपासून, त्यांनी सुमारे ३५ माणसे खाल्ली असावीत, असा अंदाज काढला. मजुरांची मोजदाद हजेरीपटावरून होईना, म्हणून ती सिंहाच्या केसांवरून करावी लागली.