इ. स. १८३४ आणि घरातील फ्रिज

काही वर्षे इतिहासाच्या पुस्तकात ठळक टाइपात छापली जातात. काही मात्र निमूटपणे स्वयंपाकघरात येऊन बसतात आणि इतिहासकारांस त्यांचा पत्ताही नसतो. इ. स. १८३४ हे या दुसऱ्या जातीचे वर्ष होय. त्या साली अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजातून प्रथम मुंबई बंदरी उतरला. त्याच साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स या यंत्रज्ञाने कृत्रिम रीतीने थंडावा व बर्फ निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आणि त्याच साली फ्रान्समध्ये झाँ पेल्तिए यास असे आढळले की, दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून विजेचा प्रवाह नेला असता एक सांधा थंड होतो व दुसरा तापतो. या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नव्हता. तरीपण आज आपल्या घराच्या कोपऱ्यात गुणगुणणारा लहानसा फ्रिज हा या तिघांचाही वारस आहे.

हा विषय आम्हांस ग्रंथालयात सुचला नाही; राजूर येथील आमच्या बिऱ्हाडात, एका फजितीमुळे सुचला. ती फजिती पुढे येईलच. परंतु तिचा अर्थ कळावयास आधी थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

थंडाव्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. सोऱ्याच्या योगाने पाणी गार करण्याची युक्ती अबुल फजलने ‘आईने अकबरी’त नमूद करून ठेविली आहे. सामान्य गृहस्थास मात्र माठाचाच आधार. बर्फ ही वस्तू परदेशाहून आणण्याचे धाडस केले ते बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने. १८३३ साली त्याने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत उष्ण कटिबंध. तरीही सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला! पुढील वर्षी मुंबईची पाळी आली. जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांस आइस्क्रीम खाऊ घातले आणि यजमानांसकट पुष्कळांना पडसे झाले, अशी त्या वेळच्या वर्तमानपत्राच्या हवाल्याने सांगितली जाणारी गोष्ट प्रसिद्धच आहे. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे बर्फाची कोठारे उभी राहिली. त्यांपैकी मद्रासचे कोठार आज ‘विवेकानंद इल्लम’ या नावाने उभे आहे. मुंबईचे मात्र काळाच्या उदरात गडप झाले.

आता या व्यापाराचे मर्म पाहा. ट्यूडरपाशी कोणतेही यंत्र नव्हते. होता तो लाकडाचा भुसा, जाड भिंती आणि घट्ट लावलेले दार. बाहेरची उष्णता आत शिरू द्यावयाची नाही, एवढ्या एका निश्चयावर हा व्यापार जवळजवळ अर्धशतक चालला. पुढे १८७८ साली बंगाल आइस कंपनी निघाली, येथेच बर्फ होऊ लागला, आणि हळूहळू बॉस्टनच्या बर्फाची मातबरी संपली.

यंत्राने केले ते याच्या उलट. त्याने आतली उष्णता उचलून बाहेर टाकली. पर्किन्सची कल्पना मूळची आपल्या माठातलीच म्हणावयास हरकत नाही. माठाच्या अंगावरील पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते व आतले पाणी गार होते. पर्किन्सने पाण्याऐवजी ईथरसारखा लवकर उडणारा द्रव घेतला, आणि त्याची वाफ वाया न दवडता दाबून पुन्हा द्रवरूप केली. माठातले पाणी गेले ते गेले. यंत्रातला द्रव फेऱ्या घालीत राहतो, एवढाच काय तो भेद. म्हणजे फ्रिज हा थंडी निर्माण करीत नाही. तो केवळ उष्णतेचा हमाल आहे. आतले ओझे उचलावे आणि पाठीमागे नेऊन टाकावे, हे त्याचे काम.

या हमालाच्या अंगातील रसायनही अनेकवार बदलले. आरंभीचे अमोनिया व सल्फर डायऑक्साइड विषारी. म्हणून १९२८ साली टॉमस मिजली याने निर्धोक असा फ्रिऑन वायू काढला. तो घराला निर्धोक ठरला, पण आकाशाला नव्हे. १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी त्यामुळे ओझोनच्या थरास अपाय होतो असे दाखविले आणि १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. आजच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्यूटेन असतो. तो ओझोनास निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही आहे.

आपल्याकडे गोदरेजने १९५८ साली फ्रिज बनविण्यास आरंभ केला. पेल्तिएचा शोध मात्र फार उशिरा आपल्या खेड्यांकडे वळला. २०१० च्या सुमारास त्याच गोदरेजने ‘छोटूकूल’ नावाची वरून उघडणारी, चाळीस-पंचेचाळीस लिटरांची पेटी काढली. तिच्यात काँप्रेसर नव्हता. बारा व्होल्टच्या बॅटरीवरही ती चाले. आणि ती कशी असावी हे ठरविताना मराठवाड्यातील उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) स्त्रियांचे मत विचारले गेले होते. तिने बर्फ होत नसे, फक्त बाहेरच्यापेक्षा आत बरेच गार राही. खेड्यांत तिचा अपेक्षेइतका प्रसार झाला नाही हे खरे. पण वीज जेथे बेभरवशाची तेथे घरात थंडावा कसा ठेवावा, हा तिने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. आमच्या घरात तो प्रश्न औषधाच्या रूपाने उभा राहिला.

राजूर हे अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या वाटेवरील गाव. येथे दूधदुभते चांगले, आणि दूध टिकविण्याची जुनी रीत म्हणजे ते आटविणे. येथल्या पेढ्यांचा लौकिक त्यातूनच झाला. पण इन्सुलिन आटविता येत नाही. १९२२ साली टोरांटो येथे ते प्रथम रुग्णास टोचले गेले, आणि तेव्हापासून थंडावा ही चैन न राहता कर्तव्य झाले. आमच्या मातोश्रींस मधुमेह आहे. पावसाळ्यात येथील हवाच इतकी ओली की माठालाही घाम सुकविता येत नाही. म्हणून आम्ही संगमनेराहून एक लहान फ्रिज आणला.

श्रावणात एके दिवशी सकाळचे दूध संध्याकाळी नासले. यंत्र तर अखंड गुणगुणत होते. आम्ही आमच्या विद्वत्तेस स्मरून आतले बटण तीनवरून एकदम सातवर नेले. काही उपयोग झाला नाही. गॅस गेला असे आम्ही निदान केले व तालुक्याच्या गावाहून मिस्त्रीस बोलाविले. त्याने फ्रिजला हातही न लावता पाठीमागे डोकावून पाहिले आणि म्हणाला, “सर, गॅस जागच्या जागी आहे. पण याला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीत?” एका बाजूस तांदळाचे पोते, मागे भिंत, आणि मागच्या गरम जाळीवर आमच्या सौभाग्यवतींनी वाळत घातलेले ओले टॉवेल! हमालास ओझे टाकावयास जागाच उरली नव्हती. त्याने टॉवेल काढविले, जाळीवरची धूळ ब्रशाने झाडली, पेटी भिंतीपासून वीतभर ओढली, आणि चहा घेऊन निघून गेला.

रात्री फ्रिज उत्तम गार झाला. किंबहुना फाजील गार झाला. सातवरचे बटण मागे आणण्याचे कोणासच स्मरण राहिले नाही. सकाळी पाहतो तो बर्फाच्या कप्प्याला टेकलेली इन्सुलिनची कुपी गोठलेली. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी त्याचा भरवसा धरता येत नाही. डॉक्टरांनी ते टाकून देण्यास सांगितले. चिरंजीव पहिल्या एस. टी.ने संगमनेरास गेले ते दुपारी परतले. तोपर्यंत मातोश्री ताट झाकून स्वस्थ बसून होत्या.

त्या दिवसापासून आम्ही फ्रिजकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहू लागलो आहोत. लहान फ्रिजच्या बहुतेक तक्रारी दोनच जातींच्या असतात. पहिली ट्यूडरची, म्हणजे उष्णता आत शिरते. दाराच्या रबरी पट्टीत कागदाचा कपटा धरून दार लावावे. तो सहज निसटला तर पट्टी सैल झाली असे समजावे, आणि पावसाळ्यात तिच्यावर चढणारी बुरशी कोमट पाण्याने पुसावी. दुसरी पर्किन्सची, म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही. त्यावर उपाय मोकळी जागा आणि धुळीची झाडलोट. बर्फाचा थर पाव इंचाहून जाड झाला की तोही मध्ये भिंत होऊन बसतो. अशा वेळी वीज बंद करून तो आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडू जाल तर नळी फुटेल, आणि तिच्यातील वायू ज्वालाग्राही आहे हे वर सांगितलेच. वीज गेल्यास दार उघडू नये. आल्यावर चारपाच मिनिटे थांबून मग बटण लावावे, नाहीतर आत दाब शिल्लक असता काँप्रेसर उगाच धडपडतो. दाब वारंवार कमी होत असेल तर स्टॅबिलायझरचा खर्च मुळीच फुकट जात नाही. आणि औषध नेहमी मधल्या फळीवर, एका डब्यात, शेजारी लहानसा तापमापक ठेवून. त्याचा पारा २ ते ८ अंशांच्या दरम्यान असला म्हणजे निश्चिंत असावे.

मातोश्रींस आम्ही हे सारे १८३४ पासून समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पूर्वी औषध नव्हतं म्हणून माणसं जात. आता औषध आहे, तर ते सांभाळायला नको का?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही उठून बटण तीनवर आहे ना, तेवढे पाहून आलो.