ग्राम आरोग्य सेविका (जामखेड प्रकल्प)

ग्राम आरोग्य सेविका या महाराष्ट्रातील जामखेड येथील सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाशी जोडलेल्या, स्वतःच्या गावात राहून प्राथमिक आरोग्याचे काम करणाऱ्या स्वयंसेवक स्त्रिया होत. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाचा कणा म्हणून त्या ओळखल्या जातात. सेविकांची निवड गावाने करायची, प्रशिक्षण प्रकल्पाच्या रुग्णालयाने द्यायचे आणि कामाचा जाब गावाला द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. प्रारंभीच्या सेविकांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते व अनेकजणी दलित समाजातील होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडच्या कामावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेपूर्वी प्राथमिक आरोग्य सेवेची जी उदाहरणे जगासमोर होती, त्यांत जामखेडची गणना होते.

पार्श्वभूमी

जामखेड हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तालुक्याचे गाव असून बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमा तेथून जवळ आहेत. बालाघाटच्या डोंगररांगांलगतचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी व बेभरवशाचा, जमीन बहुतांशी कोरडवाहू आणि हंगामात ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, ही या परिसराची जुनी ओळख होय.

आरोळे दांपत्याचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. त्यानंतर दोघांनी वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. एकदा उपचार करून घरी पाठवलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारात येतात, हा तेथील अनुभव त्यांच्या पुढील विचाराच्या मुळाशी आहे. खेड्यातील सुमारे ७० टक्के आजार टाळता येण्याजोगे असून त्यांची कारणे अस्वच्छ पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान यांत आहेत, असे त्यांचे निरीक्षण होते. अमेरिकेत उच्च वैद्यकीय शिक्षण व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते १९७० मध्ये परतले आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या निमंत्रणावरून जामखेडला आले. पहिला दवाखाना गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या, वापरात नसलेल्या इमारतीत भरला. सुमारे ४० हजार लोकवस्तीच्या तीसएक गावांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट प्रारंभी ठेवण्यात आले होते.

सेविका ही कल्पना मूळ आराखड्यात नव्हती. गावोगावी प्रशिक्षित सहायक परिचारिका-प्रसाविका ठेवाव्यात, असा पहिला बेत होता. तो फसला. शहरात वाढलेल्या तरुण परिचारिकांना एकटीने खेड्यात राहणे अवघड गेले आणि गावातील बायांनी त्यांचे ऐकण्यास फारशी तयारी दाखवली नाही. पाच बाळंतपणे केलेल्या स्त्रीला अविवाहित मुलीने गरोदरपणाचे धडे द्यावेत, हे गावाच्या पचनी पडणारे नव्हते. मग गावातीलच एखादी जाणती बाई निवडून तिला शिकवावे, ही सूचना गावकऱ्यांकडून आली आणि ती स्वीकारण्यात आली.

निवड व प्रशिक्षण

निवडीसाठी शिक्षणाची अट नव्हती. बाई त्याच गावची रहिवासी असावी, तिला कामाची आवड असावी आणि लोकांचा तिच्यावर विश्वास असावा, एवढे पाहिले जाई. तरीही निवड सोपी नव्हती. घरच्यांची परवानगी, रात्री मुक्कामाला बाहेर राहण्याविषयीचा संशय आणि जातीचा प्रश्न यांतून प्रत्येकीला वाट काढावी लागली. यांपैकी अनेकजणी विधवा, परित्यक्ता किंवा मोलमजुरी करणाऱ्या होत्या.

सेविका दर आठवड्याला ठरावीक दिवशी जामखेडला मुक्कामी येत. अक्षरओळख नसल्याने शिकवणे तोंडी चाले. चित्रफलक, गाणी, नाट्यप्रवेश आणि आपापल्या गावातील त्या आठवड्याच्या घटना हेच पाठ्यपुस्तक असे. एखादीने गावात पाहिलेला आजारी मुलगा सर्वांच्या चर्चेचा विषय होई; कोणी काय केले असते, ते का चुकले असते, हे सगळ्यांसमोर बोलले जाई. जुनी सेविका नवीला शिकवत असे. रक्तदाब मोजणे, गरोदर स्त्रीची तपासणी करणे, बाळाचे हृदयाचे ठोके ऐकणे ही डॉक्टरांची मक्तेदारी नाही, ही आरोळे दांपत्याची भूमिका होती आणि वैद्यकीय व्यवसायातील अनेकांना ती त्या काळी रुचण्याजोगी नव्हती.

या मुक्कामांचा दुसरा परिणाम आरोग्याइतकाच महत्त्वाचा मानावा लागतो. सवर्ण आणि दलित स्त्रिया एका ठिकाणी राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंक्तीला जेवत आणि एकाच खोलीत झोपत. प्रारंभी काहींनी यास नकार दिला. परंतु शिकायचे तर सर्वांसोबतच, हा नियम प्रकल्पाने शिथिल केला नाही. शरीराच्या आतील रचना दाखवताना सर्व माणसांची हाडे आणि रक्त सारखेच असते, हा धडा आपोआपच दिला जाई. दलित सेविकेला उंबऱ्याबाहेर उभे करणाऱ्या घरांना बाळंतपणाच्या रात्री तिलाच आत बोलवावे लागले, असे प्रसंग पुढे अनेक गावांत घडले.

गावातील काम

सेविकेचे काम घरभेटींतून चालते. गरोदर स्त्रियांची नोंद व तपासणी, स्वच्छ बाळंतपण, लहान मुलांचे वजन, लसीकरणासाठी घरच्यांची समजूत घालणे, कुटुंब नियोजनाचा सल्ला, क्षय व कुष्ठरोगाच्या संशयित रुग्णांचा शोध आणि त्यांची औषधे मध्येच सुटू नयेत याची काळजी, असा त्याचा आवाका आहे. बाळंतपणासाठी साबण, नवे ब्लेड आणि नाळ बांधण्याचा स्वच्छ दोरा एवढे साहित्य पुरते. नाळ कापण्यासाठी विळा किंवा हाताशी येईल ते पाते वापरण्याच्या जुन्या रीतीमुळे नवजात बालकांना धनुर्वात होत असे.

अतिसारावरील उपचार हे या कामाच्या परिणामाचे बोलके उदाहरण आहे. जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडण्याची समजूत सर्वत्र होती आणि मूल जुलाबापेक्षा शुष्कतेने दगावत असे. सेविकांनी मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे जलसंजीवनी, घरच्या घरी करायला शिकवले. ते प्रथम चाखून पाहायचे. अश्रूंपेक्षा खारट लागले तर टाकून द्यायचे, अशी खूण निरक्षर आईलाही कळते.

खरा झगडा समजुतींशी होता. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपे होते, पहिले चिकाचे दूध बाळाला बाधते, गोवर-कांजिण्या या देवीच्या कोपाने होतात, अशा धारणा पक्क्या होत्या. बाहेरून आलेल्या डॉक्टरने त्या खोडून काढण्यापेक्षा स्वतः त्याच समजुतींत वाढलेल्या आणि त्या सोडून दिलेल्या बाईने बोलणे अधिक परिणामकारक ठरले. आपल्या सुनेला, नातवाला आधी वागवून दाखवायचे आणि मग शेजारणीला सांगायचे, ही अनेक सेविकांची पद्धत होती.

काम केवळ औषधापुरते राहिले नाही. १९७२ च्या दुष्काळात मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक आणि पाण्याची सोय हेच आरोग्याचे काम ठरले. विंधनविहिरी घेताना जागा दलित वस्तीत निवडण्याचा आग्रह प्रकल्पाने धरला. पाण्यासाठी सवर्णांना तेथे यावे लागले. गावोगावी महिला मंडळे आणि पुरुषांची शेतकरी मंडळे उभी राहिली. वृक्षलागवड, बांधबंदिस्ती, बचत आणि लहान कर्जे ही कामे त्यांच्यामार्फत झाली. हुंडा, बालविवाह व दारू यांविरुद्ध महिला मंडळांत बोलले जाऊ लागले, तेव्हा सेविकांना घरातून आणि गावातूनही विरोध सहन करावा लागला.

रुग्णालयाशी नाते

प्रकल्पाची रचना तीन पातळ्यांची आहे. गावात सेविका असते. परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते आणि गरजेनुसार डॉक्टर यांचे फिरते पथक गावांना भेट देते. आणि जामखेडला रुग्णालय आहे. पथक गावात आल्यावर प्रथम सेविकेकडे जाते, तिने पाहून ठेवलेल्या रुग्णांना तपासते आणि तिचे निदान बरोबर असल्यास तसे लोकांसमोर सांगते. गावात तिची पत वाढण्यास ही साधी रीत फार उपयोगी पडली.

रुग्णालयाचा उपयोग सेविकेच्या दृष्टीने दोन प्रकारचा आहे. अडलेले बाळंतपण, शस्त्रक्रिया, गंभीर संसर्ग अशा गोष्टी तिच्या आवाक्याबाहेरच्या; केव्हा थांबायचे आणि केव्हा रुग्णाला गाडीत घालायचे, हे तिला कळणे हाच तिच्या प्रशिक्षणाचा सर्वांत नाजूक भाग आहे. पुष्कळदा ती स्वतः रुग्णाबरोबर येते. वॉर्डात नातेवाईक मुक्कामाला राहतात, स्वतःचे अन्न शिजवतात. त्या गर्दीत घाबरलेल्या कुटुंबाला डॉक्टरांचे म्हणणे गावच्या भाषेत समजावणारी आणि कुटुंबाची अडचण डॉक्टरांच्या कानावर घालणारी ती एकटीच असते. रुग्ण घरी परतल्यावर टाके, औषधे आणि पथ्य यांवर तिचीच नजर असते.

कुष्ठरुग्णांना वेगळ्या वसाहतीत न ठेवता इतर रुग्णांबरोबर उपचार देण्याचे धोरण रुग्णालयाने प्रारंभापासून ठेवले. ते गावात टिकले ते सेविकांमुळे. रुग्णाच्या घरी जाऊन चहा पिणारी बाई हाच तेथे सर्वांत मोठा पुरावा होता. रुग्णालयाच्या आवारात जयपूर फूट व इतर साधने तयार करणारी कार्यशाळाही चालते.

मानधनाचा प्रश्न

सेविकांना ‘स्वयंसेवक’ म्हणताना थोडी सावधगिरी आवश्यक आहे. त्यांना प्रकल्पाकडून नियमित पगार दिला जात नाही. सेविका पगारी झाली की ती गावाची न राहता संस्थेची होते आणि लोक तिच्याकडे नोकर म्हणून पाहतात, असे यामागील समर्थन आहे. पगाराऐवजी शेळ्या, कोंबड्या, बांगड्यांचा किंवा किराणा मालाचा छोटा व्यवसाय, शिवणकाम यांसाठी प्रशिक्षण व कर्ज देऊन त्यांना स्वतःच्या पायावर उभे करण्यावर भर देण्यात आला. अनेक सेविकांनी प्रतिष्ठा, बोलण्याचे धैर्य आणि घरातील बदललेले स्थान हाच आपला मोबदला असल्याचे सांगितले आहे.

या मांडणीवर आक्षेपही घेता येतो. गरीब स्त्रियांचे श्रम सेवेच्या नावाखाली विनामोबदला वापरले जातात, हा सामुदायिक आरोग्य कार्यक्रमांवरील जगभरचा आक्षेप आहे. जामखेडमध्ये त्याची धार कमी होते ती दोन कारणांनी: कामाचा दररोजचा वेळ मर्यादित ठेवला गेला आणि उपजीविकेचा वेगळा मार्ग उभा करून दिला गेला. जेथे या दोन गोष्टी वगळून केवळ ‘स्वयंसेविका’ हे नाव उचलले गेले, तेथे हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ कार्यकर्त्यांचे पद २००५ पासून स्वयंसेवी मानले गेले असून त्यांना कामानुसार मोबदला मिळतो. निश्चित वेतन आणि कर्मचाऱ्याचा दर्जा यांसाठी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आशांनी संप व मोर्चे केले आहेत.

परिणाम

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांतील बालमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होता. पुढील पाच-सहा वर्षांतच तो निम्म्याहून खाली आला आणि १९९० च्या दशकात तो तिसाच्या आत होता. कुपोषण व जन्मदर यांतही मोठी घट नोंदवली गेली. हे सर्व श्रेय एकट्या सेविकांना देता येणार नाही, कारण त्याच काळात पाणी, रस्ते, शाळा व शासकीय लसीकरण यांचाही विस्तार झाला. तथापि सुरुवातीच्या वर्षांतील घसरणीचा वेग, इतर सोयी फारशा पोहोचलेल्या नसताना, लक्षणीय आहे.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये सामुदायिक नेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. रजनीकांत आरोळे यांना १९९० मध्ये पद्मभूषण देण्यात आले. १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या एका सेविकेने भाषण केले. सभागृहातील महागड्या झुंबरांची तुलना तिने डॉक्टरांशी आणि एका पणतीने दुसरी लावता येणाऱ्या साध्या दिव्यांची तुलना सेविकांशी केली. हे भाषण सार्वजनिक आरोग्याच्या वर्तुळात आजही सांगितले जाते.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जामखेडच्या सेविका मदतकार्यात सहभागी झाल्या. भंडारदरा परिसरातील आदिवासी गावांतही प्रकल्पाने काम केले. १९९० च्या दशकात स्थापन झालेल्या प्रशिक्षण संस्थेत देश-विदेशातील आरोग्य कार्यकर्ते शिकण्यासाठी येतात. तेथे निरक्षर किंवा जेमतेम शिकलेल्या सेविका डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना शिकवतात, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय.

सद्यस्थिती

डॉ. मेबल आरोळे यांचे १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचे २५ मे २०११ रोजी निधन झाले. त्यानंतर प्रकल्पाची धुरा त्यांची कन्या डॉ. शोभा आरोळे व पुत्र रवी आरोळे यांनी सांभाळली.

सेविकांच्या कामाचे स्वरूप मात्र बदलले आहे. घरी होणारी बाळंतपणे जवळपास थांबली, लसीकरण शासकीय यंत्रणेकडे गेले आणि बहुतेक गावांत आशा कार्यकर्ती आहे. काही गावांत दोघी एकत्र काम करतात. अतिसार व धनुर्वात यांची जागा मधुमेह, उच्च रक्तदाब, कर्करोग आणि मानसिक आजार यांनी घेतली असून प्रशिक्षणातही हे विषय आले आहेत. पहिल्या पिढीतील सेविका वृद्ध झाल्या, काही निवर्तल्या. काही गावांत सासूचे काम सुनेने किंवा मुलीने पुढे चालवले आहे. शिकलेल्या तरुण मुलींना मात्र पगारी नोकरीची वाट अधिक जवळची वाटते आणि नव्या सेविका मिळवणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.