हिरवळ : निर्मिती व निगेचा इतिहास

हिरवळ (लॉन) : उद्यानात, वास्तूभोवती अथवा क्रीडांगणावर दाट वाढविलेले व वारंवार कापून आखूड राखलेले गवताचे आच्छादन. कुरणातील गवत चाऱ्यासाठी वाढू देतात. हिरवळीत मात्र त्याची वाढ सतत रोखून धरावी लागते. त्यामुळे हिरवळ आपोआप टिकत नाही. ती अखंड निगेवर अवलंबून असते. ही निगा कोणी, कोणत्या साधनांनी व कोणत्या हवामानात घेतली, हाच तिच्या इतिहासाचा मुख्य विषय होय.

यूरोप : मध्ययुगीन यूरोपात मठांच्या व गढ्यांच्या आवारात विश्रांतीसाठी गवताचे लहान चौक राखीत असत. जर्मन विद्वान आल्बेर्टस मॅग्नस याने सु. १२६० मध्ये लिहिलेल्या वनस्पतिविषयक ग्रंथात असा चौक तयार करण्याची रीत दिली आहे. जमिनीतील मुळे खणून काढावीत, उरलेले बी मरण्यासाठी उकळते पाणी ओतावे आणि मग गवताच्या लाद्या अंथरून त्या रुंद लाकडी ठोकण्यांनी बसवाव्यात, असे त्याने सांगितले आहे. खराब झालेली हिरवळ नव्याने करताना तणनाश, सपाटीकरण व लागवड हाच क्रम आजही पाळला जातो.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हिरवळीस विस्तीर्ण रूप आले. उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–८३) याने जमीनदारांच्या वाड्यांभोवतीचे आखीव वाफे काढून टाकून गवत थेट भिंतीपर्यंत आणले. तेथील थंड, दमट हवेत व वर्षभर पडणाऱ्या पावसात बेंट, फेस्क्यू यांसारखी बारीक पात्यांची गवते सिंचनाशिवाय वाढत. दूरचे गवत मेंढ्या व हरणे चरून आखूड ठेवीत. ती वाड्यापर्यंत येऊ नयेत म्हणून दृष्टीआड खंदक खणीत. वाड्यालगतचे गवत मजूर पहाटे, दव असतानाच, लांब दांड्याच्या विळ्याने कापीत. एवढे मजूर पोसणे धनिकांनाच शक्य असल्यामुळे हिरवळ ही वैभवाची खूण ठरली.

यांत्रिक कापणी : इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. लोकरी कापडावरील तंतू कातरून पृष्ठभाग एकसारखा करणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. इप्सविच येथील रॅन्सम्स या कारखान्याने १८३२ मध्ये परवाना घेऊन त्याचे उत्पादन सुरू केले. पुढे घोड्याने ओढावयाची यंत्रे आली. खुरांनी गवत दबू नये म्हणून घोड्यांना चामड्याचे जोडे घालीत. यंत्रामुळे हिरवळ मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली, तसेच क्रिकेट व टेनिस यांसारख्या खेळांसाठी सपाट मैदाने राखणे सुलभ झाले.

अमेरिका व रसायनांचा वापर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिलेल्या उपनगरांत घरापुढील हिरवळ सार्वत्रिक झाली. १९४० नंतरच्या दशकात २, ४–डी हे तणनाशक प्रचारात आले. ते रुंद पानांच्या वनस्पती मारते, पण गवतास इजा करीत नाही. तोपर्यंत हिरवळीच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळीत, कारण त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन जमिनीत स्थिर करतात. नव्या औषधाने क्लोव्हरही मरू लागले आणि ते तणांत गणले जाऊ लागले. त्याने पुरविलेला नायट्रोजन मग रासायनिक खतांतून द्यावा लागला. कोरड्या प्रदेशांत सिंचनाचा भारही वाढला. नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून लास व्हेगस परिसरातील निरुपयोगी, केवळ शोभेच्या अशा सामाईक जागांतील हिरवळींना २०२६ नंतर कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास मनाई केली. खाजगी घरांच्या हिरवळी त्यातून वगळल्या आहेत.

भारत : मोगलांच्या चारबागेत पाण्याचे पाट, फळझाडे व फुलझाडे यांना प्राधान्य असे. हिरवा पट्टा तिला अगदीच अपरिचित नव्हता. काबूलकडील बाग-ए-वफा या आपल्या बागेतील तिपानी गवताचे वर्णन बाबराने आत्मचरित्रात केले आहे. विस्तीर्ण, आखूड हिरवळ मात्र ब्रिटिश अमदानीत रूढ झाली. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत (१८९९–१९०५) ताजमहालाच्या बागेतील दाट झाडी विरळ करून तेथे हिरवळीस महत्त्व देण्यात आले. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातील मोगल उद्यानासाठी (२०२३ पासून अमृत उद्यान) दूब गवत कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर आवारातून आणले होते. तेथे वर्षातून एकदा गवताचा थर काढून नवी माती पसरण्याची पद्धत आहे, सु. तीन आठवड्यांत गवत पुन्हा भरून येते.

दूब म्हणजेच महाराष्ट्रातील हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन). इंग्लंडमधील गवते दख्खनच्या उन्हाळ्यात तग धरीत नाहीत. हरळी पाण्याअभावी पिवळी पडली, तरी जमिनीतील खोडांपासून पाऊस पडताच पुन्हा फुटते. याच गुणामुळे शेतकरी तिला चिवट तण मानतो व काळ्या जमिनीतून ती खणून काढण्यासाठी उन्हाळ्यात कष्ट घेतो. गणेशपूजेत मात्र तिच्याच दूर्वा वाहिल्या जातात. तिची लागवड बियांपेक्षा मुळे फुटलेले तुकडे ८–१० सेंमी. अंतरावर खोचून करतात. दुसऱ्या रीतीत बारीक तुकडे माती, शेण, राख व पाणी यांत कालवून तो लेप जमिनीवर थापतात.

जुन्या हिरवळीत माती घट्ट झाल्याने मुळांना हवा मिळत नाही व गवत विरळ होते. अशा वेळी दाताळ्याने वाळलेला थर ओढून काढतात, काट्याने भोके पाडतात आणि चाळलेली माती, वाळू व कुजलेले शेणखत यांचा पातळ थर देतात. लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्या लागतात. एका कापणीत पात्याच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापीत नाहीत. सावलीत हरळी विरळ होत असल्याने तेथे दुसरी वनस्पती लावणे इष्ट ठरते.

उन्हाळ्यात रोज ५ मिमी. पाणी धरले, तरी १०० चौ. मी. हिरवळीस ५०० लि. पाणी लागते. २०१६ च्या दुष्काळात मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला व न्यायालयाने इंडियन प्रीमियर लीगचे ३० एप्रिलनंतरचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. इंग्लंडमध्ये जे पाणी पाऊस पुरवितो, ते येथे माणसांच्या व पिकांच्या वाट्यातून द्यावे लागते. म्हणून अवर्षणप्रवण भागात हिरवळीचे क्षेत्र आवश्यक तेवढेच राखणे, सांडपाणी शुद्ध करून वापरणे आणि उन्हाळ्यात हरळी पिवळी पडू देणे, ही निगेचीच अंगे होत. पिवळी हरळी मेलेली नसते; पहिल्या पावसानंतर ती पुन्हा हिरवी होते.