शाळेतला बीबीसी कॉम्प्युटर आणि त्याचे दोन सूर

१९८४-८५ च्या सुमारास जे शाळेत होते, त्यांना 'क्लास' नावाची केंद्र सरकारची योजना आठवत असेल. इलेक्ट्रॉनिक्स खातं, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांनी मिळून ती काढली होती. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे २५० शाळांना 'बीबीसी मायक्रो' नावाचं ब्रिटिश यंत्र मिळालं. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याचीच इथली आवृत्ती 'युनिकॉर्न' या नावाने काढली.

बडोद्यात आमच्या शाळेतही ते आलं. चपला बाहेर काढून आत जायचं, खिडक्यांना जाड पडदे, आणि यंत्रावर कुणाच्या तरी आईने शिवून दिलेलं फुलाफुलांचं आवरण. एका कीबोर्डपुढे सहा-सात पोरं. मेमरी ३२ केबी. आज मोबाइलवर रोज सकाळी येणारा 'सुप्रभात'चा फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही!

दोनेक वर्षांत त्यातलं एक यंत्र बंद पडलं. कुणी येऊन बघून गेलं, 'मेन बोर्ड गेला' असा शेरा पडला आणि यंत्र कपाटात गेलं. पुढच्या तुकडीला कॉम्प्युटर बराचसा फळ्यावरच शिकावा लागला. पुढे कित्येक वर्षांनी शाळेने भंगार काढलं तेव्हा ते यंत्र माझ्याकडे आलं, आणि बोर्ड अगदी ठणठणीत असल्याचं कळलं. ज्या गावात १८९० सालापासून कलाभवन आहे, घरोघर पक्कड-स्क्रूड्रायव्हर आहे, तिथे हे व्हावं याचं जरा जास्तच वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

या यंत्राची मूळ कथाच वेळेच्या गोंधळाची आहे. १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला बीबीसीला दाखवण्यासाठी आठवड्याभरात नमुना उभा करायचा होता. स्टीव्ह फर्बर आणि सोफी विल्सन यांनी आराखडा केला, राम बॅनर्जी नावाच्या गृहस्थांनी तारा गुंडाळून जोडणी केली. बीबीसीची माणसं यायच्या दिवशी सकाळ उजाडली तरी यंत्र चालेना. नमुना तपासायला जोडलेल्या दुसऱ्या यंत्राच्या घड्याळाशी त्याचं घड्याळ जुळवायची खटपट चालली होती. कंपनीचे हर्मन हाउझर म्हणाले, ती केबलच कापा, त्याला स्वतःच्या घड्याळावर चालू द्या. केबल कापली आणि यंत्र सुरू झालं.

दुसरा किस्सा तर त्याहून भारी. नमुन्याच्या बोर्डावर एका ठरावीक जागी बोट टेकवलं की यंत्र चालायचं, बोट काढलं की बंद! शेवटी डेटा जाणाऱ्या तारांवर रेझिस्टरांचा एक संच बसवला. त्याची गरज नेमकी का पडते, हे आपल्याला कधीच कळलं नाही, असं फर्बर यांनीच पुढे सांगितलं. अशी १५ लाखांच्या घरात यंत्रं विकली गेली.

इतकं नाजूक का? आत १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याचे ठोके वाटून ६५०२ नावाच्या प्रोसेसरला सेकंदाला २० लाख ठोके मिळतात. पण तीच मेमरी पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागालाही हवी असते. म्हणून दोघं आळीपाळीने तिच्याकडे जातात, आणि मेमरी दुप्पट वेगाने पळते. एका उखळात दोघींनी दोन मुसळांनी कांडण करावं तसं. ताल चुकला की मुसळावर मुसळ.

आता आमच्या यंत्राचं दुखणं. निरोगी बीबीसी मायक्रो सुरू करताना दोन सूर ऐकू येतात. आधी खर्जातला 'बूऽ' आणि लगेच वरचा 'बीप'. वापरलंय त्यांच्या कानात ते अजून असतील. पहिला सूर आवाजाची चिप वीज मिळताच आपणहून काढते. दुसरा सूर प्रोसेसर जागा होऊन, पहिला बंद करून, मुद्दाम वाजवतो. आमच्या यंत्राचा 'बूऽ' थांबायचाच नाही. याचा अर्थ प्रोसेसर कामाला लागलाच नाही. 'मेन बोर्ड गेला' हा शेरा बहुधा इथूनच आला.

पण तसंच चालू ठेवून कीबोर्डवरचं 'ब्रेक' बटण दाबलं, की यंत्र मुकाट्याने सुरू व्हायचं. सगळी मेख त्या बटणात आहे. वीज येताच प्रोसेसरने लगेच धावायचं नसतं. एक लहानसं सर्किट त्याला क्षणभर धरून ठेवतं, तोवर ५ व्होल्टचा पुरवठा स्थिर व्हायला हवा. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकले की ते ५ व्होल्ट रेंगाळत येतात. धरून ठेवणारा मात्र ठरल्या वेळी हात सोडतो. अर्धवट विजेवर प्रोसेसर भलतीकडेच पळतो. 'ब्रेक' दाबेपर्यंत वीज स्थिर झालेली असते, त्यामुळे दुसरी सुरुवात नीट होते. दिसायला दोष वेळेचा, मूळ विजेत.

मल्टिमीटर इथे फसवतो. तो सरासरी दाखवतो. आमच्याकडे ४.९ आलं, म्हणजे ठीक, कारण या चिपा ४.७५ ते ५.२५ मध्ये चालतात. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर मात्र त्याच ५ व्होल्टला करवतीसारखे दाते दिसले. मोजमाप सप्लायच्या डब्यापाशी न घेता बोर्डावर, चिपेच्या पायापाशी, यंत्र चालू असताना घ्यावं. डब्यातून बोर्डाकडे तीन लाल आणि तीन काळ्या तारा जातात. त्यांची टोकं गंजली किंवा सैल झाली की डब्यात ५ आणि बोर्डावर कमी, असाही प्रकार होतो.

काही यंत्रं नीट सुरू होतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पडद्यावर ठिपके नाचायला लागतात. तिथे आधी चित्राचे आणि घड्याळाचे ठोके वाटणारी यूएलए नावाची चिप तापतेय का ते बघायचं. जुन्या बोर्डांवर तिच्यावर उष्णता काढणारी पट्टी असते, ती निघून आली असेल तर पुन्हा बसवायची. चिप बदलायचा विचार त्यानंतर. आमच्या यंत्रात एकही चिप बदलावी लागली नाही. बदलले ते फक्त सप्लायमधले मोजके कपॅसिटर, दोघांच्या चहा-नाश्त्याच्या खर्चात.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. सप्लायमध्ये विजेच्या तोंडाशीच दोन फिल्टर कपॅसिटर असतात, कागदी थराचे, पिवळसर पारदर्शक कवचाचे. कवचाला वर्षानुवर्षांत चिरा जातात, आत दमट हवा शिरते. बऱ्याच वर्षांनी प्लग लावला की थोड्याच वेळात फट्ट आवाज, पांढरा धूर आणि घरभर दुर्गंधी. गंमत म्हणजे एवढं होऊनही यंत्र पुष्कळदा चालूच राहतं. पण ते आधीच बदलणं बरं. आणि तो डबा हौसेने उघडू नका. आपली २३० व्होल्टची वीज आत डीसी होऊन सव्वातीनशेपर्यंत जाते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकते. जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

वाड्यांच्या जागी बिल्डिंगी होतायत, माळे रिकामे होतायत. त्यात कुणाच्या काकांचं, कुणाच्या शाळेचं असं यंत्र निघालं, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी, आणि उत्साहाने प्लग लावायच्याही आधी, एकदा कळवा.