तंजावर : विद्यापीठांतील विद्यार्थी-समुपदेशन

तामिळनाडूतील तंजावर शहर व परिसरात १९८१ मध्ये स्थापन झालेले तमिळ विद्यापीठ, शास्त्र अभिमत विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था अशी उच्च शिक्षणाची केंद्रे आहेत. अशा ठिकाणी घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यास, पैसा, भाषा आणि एकटेपणा यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. त्यामुळे समुपदेशन ही विद्यापीठाची मूलभूत जबाबदारी ठरते.

प्रश्नाचे गांभीर्य

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, तर १,४१६ तामिळनाडूतील होते. राज्यांच्या क्रमवारीत हीच दोन राज्ये अग्रभागी होती.

न्यायालयाचे निर्देश

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावी आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले.

मार्गदर्शक आणि समुपदेशक

अनेक महाविद्यालयांत प्रत्येक प्राध्यापकाकडे काही विद्यार्थी सोपविलेले असतात. विषयांची निवड, हजेरी, परीक्षा व शिष्यवृत्ती यांसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. मात्र जो गुण देतो, त्याच्यापुढे मन मोकळे करणे विद्यार्थ्याला अवघड जाते. म्हणून समुपदेशक हा अध्यापन व मूल्यमापनापासून वेगळा असावा. प्राध्यापकाचे काम सततची गैरहजेरी, गुणांतील अचानक घसरण किंवा अबोलपणा वेळीच ओळखून विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे पाठविण्याचे आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा अधिकार आहे. आपली माहिती विभागप्रमुखांपर्यंत पोहोचणार नाही, ही खात्री नसेल तर समुपदेशन कक्ष रिकामाच राहतो. कक्षाची जागा कार्यालयाच्या वर्दळीपासून दूर असणे आणि भेटीची वेळ गाजावाजा न होता ठरविता येणे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

भाषेचा प्रश्न

तंजावर हे पूर्वापार बहुभाषिक शहर आहे. भोसले राजघराण्याच्या काळात समृद्ध झालेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, तेलुगू, मराठी व संस्कृत हस्तलिखिते एकत्र नांदतात. आजही दुःख मातृभाषेतच नेमकेपणाने सांगता येते. परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या भाषेत बोलणारा समुपदेशक प्रत्येक संस्थेत मिळणे कठीण आहे. अशा वेळी दूरध्वनी सेवा उपयोगी पडते.

मदत कोठे मिळेल

केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठी व तमिळसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळकपणे लावण्याचे निर्देशही सर्वोच्च न्यायालयाने दिले आहेत.